डोंगर मोरोक्कोचा, दम माझा

१४ जानेवारी
हात वर गेला. माझाच!

चर्चच्या हॉलमध्ये मी गेले होते चहा द्यायला. पुढे फिडेल्मा उभी, आमच्याकडची गुरांची डॉक्टर. ती सांगत होती, ऑक्टोबरात आठ-दहा जणांनी मोरोक्कोला जायचं, तिथला चार हजार मीटरहून उंच डोंगर चढायचा. आणि त्यावर वर्गणी गोळा करून गावच्या दवाखान्यात डायलिसिसची यंत्रं बसवायची. "कोण कोण येणार?" जो तो आपल्या बुटांकडे बघतोय. माझ्या एका हातात किटली, आणि दुसरा वर!

घरी येऊन मॉसीला सांगितलं. नवऱ्याने टीव्हीवरची नजरही हलवली नाही. "वरपर्यंत बस जाते का गं, इटा?"

१६ जानेवारी
डिम्फनाला सांगायला गेले. यंत्रं हवीत ती तिच्यासारख्यांसाठीच. माझ्या या धाकट्या बहिणीचं डायलिसिस सुरू होऊन तीन वर्षं झाली – सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे टॅक्सी, शहर, चार तास यंत्राला बांधून घ्यायचं आणि परत. येते तेव्हा चेहरा पिळून टाकलेल्या फडक्यासारखा असतो.

"तू? डोंगर? अगं, तू शाळेची बस चालवतेस. दिवसभर बूड हलत नाही तुझं. पोस्टात जायलासुद्धा गाडी काढतेस."
खरं आहे.
"मेलीस तर तुझा हिरवा कोट मला."
"तुझ्या अंगात बसणार नाही तो. तीन डिम्फना मावतील."
हसलो दोघी. आमच्या घरात प्रेम असंच बोलतात.

२ फेब्रुवारी
सरावाला गावामागची नॉकबानची टेकडी. पहिल्या फाटकापर्यंत पोचले आणि तिथेच फाटकाला मिठी मारून उभी राहिले. मेंढ्या बघत होत्या. एकीने तर मान वळवली – लाज वाटली असावी तिला माझी.

९ फेब्रुवारी
पुन्हा फाटक. पुन्हा मेंढ्या.

१ मार्च
फाटकाच्या पलीकडे! पाऊस, चिखल, नव्या बुटांनी दोन्ही टाचा सोललेल्या. फिडेल्मा मागून ओरडते, "थांबू नकोस, इटा! हळू चाल, पण थांबू नकोस!" गाय वीत असताना ती गोठ्यात ओरडते, तोच आवाज.

रात्रीचं बिस्किट बंद केलंय. मॉसी माझ्यासमोर बसून खातो. हलकट.

२३ मार्च
वर्गणीसाठी केक विकले. माझे स्कोन, ते गोड पाव, दगड झाले होते, तरी सगळे संपले. पाद्रीबाबा म्हणाले, "इटा, हे घरी नेऊन दार अडवायला ठेवतो." पैसे मात्र दुप्पट दिले.

११ एप्रिल
आजचा दिवस वाईट.

फिडेल्माने पोस्टरं छापली. त्यावर डिम्फनाचा फोटो, गेल्या नाताळातला. डोक्यावर कागदी मुकुट, चेहरा पिवळा. खाली मोठ्या अक्षरांत: डिम्फनाला मदत करा. फोटो मीच दिला होता. तिला विचारायचं माझ्या डोक्यातही आलं नाही.

शहरातून परतताना तिने तो खाटकाच्या काचेत पाहिला. तशीच माझ्या दारात आली. उभं राहवत नव्हतं तिला, चौकट धरून बोलली.

"डुकराच्या पायांशेजारी, इटा! खाटकाच्या दुकानात! आत गेले तर त्याची बायको म्हणते, 'बिचारी.' आपल्या आईला शेवटी म्हणायचे तसं. मेलेल्यांना म्हणतात तसं."
"अगं, लोकांना कळावं म्हणून—"
"मी आजारी आहे. भिकारी नाही."

चहा ओतला तो तिने घेतला नाही. भिजत गेली घरी.

१२ एप्रिल
सकाळी सगळी पोस्टरं काढली. पोस्टातलं, पबातलं, शाळेच्या भिंतीवरचं. खाटकाची बायको म्हणाली, "छान होतं की!" मी काचेवरचा डिंक नखांनी खरवडत बसले.

२० एप्रिल
ईस्टर. डिम्फना जेवायला आली नाही. तिचं ताट तसंच राहिलं टेबलावर. मॉसी म्हणाला, "जा ना तू." नाही गेले. टेकडीवर गेले. सबंध चढले आज – वरपर्यंत! वर सांगायला कुणी नव्हतं.

४ मे
दार न वाजवताच आत आली! खुर्ची ओढून बसली.

"पैसे मागायचेत ना तुम्हाला? मग रडवून काय मागता? हसवून मागा. मॉसीची मिशी विका."
मॉसीचा घास हातातच राहिला.
"लग्नाआधीपासूनची आहे ती," तो म्हणाला.
"म्हणूनच भाव येईल. आणि वस्तरा मी चालवणार."

मी उठून तिच्यासाठी चहा ठेवला. या वेळी प्यायली.

२४ मे
असा पब मी आयुष्यात पाहिला नाही! मिशी काढावी म्हणणारे एका बाजूला, वाचवावी म्हणणारे दुसऱ्या. दोन्हीकडून नोटा पडतायत. वाचवणारे जिंकणार असं दिसलं, तेवढ्यात माझी ऐंशी वर्षांची सासू काठी टेकत उठली. "मुलाचं तोंड बघायचंय मला मरायच्या आधी!" पर्स उलटी केली टेबलावर.

डिम्फनाने वस्तरा चालवला. हात अगदी स्थिर. मॉसीने डोळे गच्च मिटलेले. खालून निघाला एक छोटासा, गुलाबी, बावरलेला ओठ. इतकी वर्षं मी कुणाशी संसार केला, देव जाणे!

डिम्फना एवढी हसली की तिला धरून बसवावं लागलं. कुणीही "बिचारी" म्हणालं नाही.

१२ जून
ट्रेकला जायला डॉक्टरचा दाखला लागतो. दवाखान्यातली नवी डॉक्टर, पोरगीच आहे, तिने बीपी घेतलं. पुन्हा घेतलं. रक्ताचा रिपोर्ट बघितला, मग जुने कागद काढले.

"चार वर्षांपूर्वी तुम्ही बहिणीला किडनी द्यायला गेला होतात?"

गेले होते. त्या दिवसाबद्दल मी इथेही लिहिलं नव्हतं. शहरातल्या डॉक्टरांनी वजन बघितलं, शुगर बघितली, आणि नको म्हणाले. सभ्यपणे म्हणाले. मी गाडीत बसून तासभर रडले होते. डिम्फनाला सांगितलं, रक्त जुळलं नाही. जाड आहे म्हणून नको, हे कसं सांगणार?

"आता शुगर नॉर्मल आहे," पोरगी म्हणाली. "वजनही बरंच उतरलंय. पुन्हा विचारून बघायला काय हरकत आहे?"

घरी कशी आले आठवत नाही.

१३ जून
फक्त मॉसीला सांगितलं. तो मग उठून बिस्किटांचा डबा शेजारी देऊन आला.

९ जुलै
शहरात तपासण्या. रक्त, लघवी, पोटाचे फोटो, पुन्हा रक्त. एका डॉक्टरबाईने विचारलं, कुणी दबाव टाकलाय का? मी म्हटलं, बाई, जिला द्यायची तिला पत्ताच नाही.

३ ऑगस्ट
सगळ्यांबरोबर नॉकबान दोनदा चढले-उतरले, पाठीवर ओझं घेऊन. फिडेल्मा म्हणते, "मोरोक्को तुला सोपं जाईल." मी हसले. तपासण्यांचं तिला अजून सांगितलेलं नाही.

१० सप्टेंबर
जुळलं! डिम्फनाच्या रक्ताचे नमुने त्यांच्याकडे असतातच. देता येईल!

पण शस्त्रक्रियेची तारीख दिलीय ७ ऑक्टोबर. ट्रेकचाच आठवडा. ती नको असेल तर थेट फेब्रुवारीत. आणि डिम्फना या महिन्यात दोनदा यंत्रावरच बेशुद्ध पडली.

११ सप्टेंबर
आधी फिडेल्माकडे गेले. गोठ्यात होती, खांद्यापर्यंत हातमोजा. सगळं सांगितलं. म्हटलं, लोकांनी माझ्या चढण्यावर पैसे दिलेत, त्यांना काय सांगू?

ती म्हणाली, "सांगायचं मी बघते. एकाने जरी पैसे परत मागितले ना, त्याची गाय मी बघणार नाही." मग मिठी मारली. हातमोजा काढायला विसरली. कोट गेला वाया.

१२ सप्टेंबर
डिम्फनाला सगळं सांगितलं, 'रक्त जुळलं नाही' ही जुनी थापसुद्धा. ती नाही म्हणाली.

"नको. तुला काही झालं तर? मॉसीला काय तोंड दाखवू?"
"काही होत नाही. निरोगी आहे मी."
"डोंगरासाठी झालीस निरोगी. डोंगर चढ."
दार लावून घेतलं.

१५ सप्टेंबर
अजून नाही.

१८ सप्टेंबर
अजून नाही. मॉसी गेला होता बोलायला. त्यालाही हाकललं – "आधी मिशी वाढव, मग ये."

२१ सप्टेंबर
रविवार. स्वतःच आली, रबरी बूट घालून. "चल, दाखव तुझी टेकडी."

हळूहळू गेलो. दर वीस पावलांना थांबत. पहिल्या फाटकाशी तिचा दम संपला. खाली सगळं गाव दिसत होतं, धुरांडी, चर्च, तिचं घर.

"मी तुझी किडनी घेतली," ती म्हणाली, "तर जन्मभर तुझ्याशी गोड बोलावं लागेल मला."
"आजवर कधी बोललीस?"
"तेच तर. सवय नाही."
वारा होता. नाक पुसत होती, तो वाराच असं मी धरून चालले.
"भीती वाटते, इटा. यंत्राची सवय झालीय. तुझी चालली नाही तर? तुझं पोट चिरून ती मी वाया घालवली तर?"
"तर वाया गेली. माझी आहे, मी घालवीन वाया."
उतरताना माझा दंड धरला होता तिने. घट्ट.

२४ सप्टेंबर
उत्तर नाही. मोरोक्कोची बॅग भरायला घेतली. काय करणार?

२५ सप्टेंबर
सकाळी बसला किल्ली लावतेय, तर फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही.
"ती बॅग उपस. दुसरी भर. नाइटी आण चांगली, ती भोकांची नको."
ठेवला फोन.

बस दहा मिनिटं उशिरा निघाली आज. पहिल्यांदाच.

८ ऑक्टोबर
अक्षर वाकडं येतंय. टाके ओढतात. बाकीचे आज डोंगरावर आहेत.

नर्स आत्ता पळत आली. किडनी चालली, डिम्फनाला लघवी झाली! पिशवी भरली, बदलली, पुन्हा भरतेय!