पेलिकन की बदक

५ मार्च १८३८, सोमवार

बदक म्हणे! तीस वर्षं या खोऱ्यातल्या प्रत्येक पोराच्या बाप्तिस्म्याचा कागद मी लिहिला, रंगवला. आणि काल प्रार्थना संपल्यावर नवे पाद्री लुट्झ — वय वर्षं सव्वीस — सगळ्यांसमोर विचारतात, "मास्तर, या पवित्र कागदावर बदक कशाला?"

बदक नाही, पेलिकन. चोचीने आपलीच छाती फोडून पिल्लांना रक्त पाजणारा, म्हणजे साक्षात ख्रिस्त. हे पाद्र्याला मी सांगायचं! त्यांनी म्हणे फिलाडेल्फियात खरा पेलिकन पाहिलाय, पेंढा भरलेला. हातभर चोच, खाली पिशवी. माझा पक्षी पिसवा काढत बसलाय म्हणाले.

लोक हसले. सगळ्यात मोठ्याने रोझिना. सख्खी बहीण!

६ मार्च

इथे खोटं कशाला लिहू? समोर रोझिनाचं बदकच बसवलं होतं. पेलिकन आणणार कुठून?

७ मार्च

रोझिनाचं म्हणणं, तिचं बदक तीस वर्षं देवाच्या दारात मिरवतंय, मग तिला पुढचा बाक का नाही?

१० मार्च

पाद्रीबाबांनी रीडिंग गावच्या छापखान्यातून छापील कागदांचा गठ्ठा आणला. ठशातला पेलिकन, पिशवीसकट. शेजारी दोन देवदूत, एकाच चेहऱ्याचे, दोघांचीही दाढ दुखत असावी. मी फक्त मोकळ्या ओळींत नावं भरायची. पुढच्या रविवारी जुने कागद आणा, नवे न्या, असं सांगणार आहेत. जुने चुलीत.

माझी तीस वर्षं चुलीत. घास उतरेना. रोझिनाने सुक्या सफरचंदांत मांस शिजवलं होतं, माझ्या आवडीचं. दोनदाच वाढून घेतलं.

१३ मार्च

खरा पेलिकन जमतोय का बघतोय. पिशवी काढली की गळ्याला गाठ आलेला बगळा दिसतो. बावीस कागद वाया. रोझिनाने डोकावून विचारलं, हे आजारी पाहुणे कोण?

१८ मार्च, रविवार

एकही कागद आला नाही!

पाद्रीबाबा गठ्ठा घेऊन दारात उभे. कुणी म्हणालं, कागद पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलाय, निघत नाही. (खरंय, खळ मीच सांगितली होती.) कुणाचा कुत्र्याने खाल्ला. मग बार्बरा केमरर काठी टेकत आली. पासष्टीची म्हातारी, चर्चमध्ये कधी तोंड उघडत नाही.

"माझी दोन लेकरं हा कागद छातीवर ठेवून पुरलीत, पाद्रीबाबा. त्यांचा कोण बदलून देणार?"

पाद्रीबाबांनी गठ्ठा उचलून परत आत नेला. ते दोन्ही कागद माझ्याच हातचे. धाकट्या लिस्बेथच्या कागदावर पिल्लं तीनऐवजी चार काढली होती, कोपऱ्यात जागा उरली म्हणून. घरी येऊन रडलो. रोझिनाला सांगितलं, कांदा.

२ एप्रिल

पाद्रीबाबांच्या बायकोचे दिवस भरलेत. रोझिना सूप देऊन आली. म्हणते, टेबलावर छापील कागद मांडूनच ठेवलाय, बाळाचं नाव तेवढं घालायचं बाकी. म्हणजे मला बोलावणार. आपल्या लेकरासाठी पिशवीवाला पक्षी, आणि मी ओळी भरणारा कारकून! बोट कापलंय म्हणून सांगेन. आत्ताच फडकं बांधून ठेवलंय.

५ एप्रिल

सकाळी पाद्रीबाबा स्वतः आले. काल झालेली मुलगी पहाटे गेली. बापानेच घाईने बाप्तिस्मा दिला, नाव योहाना. मी बोटाचं फडकं सोडलं, लेखणी घेतली आणि छापील कागदासाठी हात पुढे केला.

"तो नको, मास्तर," ते म्हणाले. "तुमचं बदक काढा. तिथे बाकीच्या पोरांकडे तेच आहे."