४.२ मध्ये नाही

३ मार्च

धाकट्याचा उजवा हात गेला. मनगटापासून. कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसखाली पत्रा सरकवत होता — प्रेस थांबलीच नाही! डॉक्टर म्हणाले, "जोडण्यासारखं काही उरलेलं नाही." आई भिंतीवर डोकं आपटत होती. धरायला गेलो तर मलाच चावली.

त्या प्रेसचं सॉफ्टवेअर आमच्याच कंपनीचं. हात आत गेला की सेन्सरने ओळखायचं आणि प्रेसने जागीच थांबायचं. कधीकधी थांबायला उशीर व्हायचा. ती चूक मी दुरुस्त केली होती. मी! जानेवारीतच!

४ मार्च

कारखान्यात जाऊन आलो. प्रेस पुसली होती, खाचेतलं रक्त तसंच. पडद्यावर सॉफ्टवेअरची आवृत्ती — रिलीज ४.२.

आमच्याकडे रिलीज तयार करून पाठवतो पंतोजी. सारखा नियमावर बोट ठेवतो म्हणून हे नाव. म्हणाला, "अरे, तुझा बदल ४.२ मध्ये आहे. मीच घातला." डोळ्याला डोळा भिडवून म्हणाला.

५ मार्च

कोडमधल्या प्रत्येक बदलाला आपोआप एक क्रमांक पडतो. तो टाकला की बदल कुठल्या रिलीजमध्ये गेला ते कळतं. टाकला. ४.३ — आहे. ४.२ — नाही. परत टाकला. नाही!

धडधडीत खोटं बोलला हरामखोर. माझ्या भावाचा हात खाल्ला आणि वर तोंड करून बोलतोय. सोडत नाही त्याला.

६ मार्च

केलं एकदाचं.

जेवणाच्या सुट्टीत सर्व्हरच्या खोलीत गाठलं. क्रमांक दाखवला. तर हसला! "क्रमांकाचं काय घेऊन बसलास, तो तर—" पुढचं ऐकलंच नाही मी. कॉलर धरून भिंतीवर आदळला. खाली पडला, चौकट धरून उठायला लागला. लोखंडी दार त्याच्या बोटांवर घातलं. मग अंगाचा सगळा भार टाकून परत. हाडं मोडल्याचं ऐकू आलं. बरं वाटलं. खोटं कशाला लिहू — फार बरं वाटलं.

शिपायाने मागून कवेत धरून ओढलं. "साहेब, सोडा! मरेल तो!"

७ मार्च

जामिनावर सुटलो. आई एवढंच म्हणाली, "बरं केलंस." आणि जेवायला वाढलं.

९ मार्च

धाकटा आज नीट बोलला. "दादा, सेन्सरवर चिकटपट्टी मीच लावली होती रे. आधी नव्हतं असं. हल्ली हात नुसता जवळ नेला तरी प्रेस थांबायची. काम कसं उरकणार?"

हल्ली म्हणजे ४.२ आल्यापासून.

घरी येऊन ४.२ उघडलं. क्रमांक सोडून ओळी वाचल्या. माझ्याच ओळी! हात जवळ येताच प्रेस थांबवणाऱ्या, जशाच्या तशा. पंतोजीने त्या ४.२ च्या जुन्या कोडमध्ये स्वतः उतरवून घेतल्या होत्या. अशा उतरवल्या की क्रमांक नवा पडतो. जुना शोधला तर सापडणार कुठून?

काल पंतोजीची दोन बोटं कापून काढली. आई अजून शेजारणीला सांगतेय, थोरल्याने बरोबर केलं.