अक्का नावाची डिस्क

अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा नमस्कार.

चार दिवस तुझा आवाज घरात नव्हता. दोष माझाच. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी आपणच सांगावं म्हणून लिहायला बसलो, तर लक्षात आलं, आता सांगणारं दुसरं आहे तरी कोण? जळगावच्या या तीन खोल्यांत मी एकटाच.

टीव्हीखाली तू बसवलेला तो छोटा संगणक, तुझा सर्व्हर, अजून चालू असतो. कीर्तनं, नाटकं, जुनी गाणी राउटरजवळच्या नेटवर्क ड्राइव्हवर. आणि धरणगावच्या शाळेतल्या चालीवर तू म्हटलेल्या कविता त्या काळ्या डिस्कवर, सर्व्हरला केबलनं जोडलेल्या. तिला नाव दिलंस 'अक्का'. मी हसलो तर म्हणालीस, "मग काय शेजारणीचं देऊ?"

तू गेल्यापासून रोज दिवेलागणीला मी त्यातली एक कविता लावतो. डोळे मिटले की बाकं दिसतात, ओल्या पाटीचा वास येतो, खिडकीबाहेरून कापसाच्या गाड्या जातात. कविता संपली की मात्र घर फार मोठं होतं गं.

मग दसरा आला. तू शिलाई मशीन, कात्री आणि सर्व्हर जागच्या जागी पुजायचीस. मला वाटलं, यंदा डिस्क नीट पुसून पाटावर घ्यावी. चालू सर्व्हरमधून सरळ केबल उपटली! हळद, कुंकू, झेंडू, आपट्याचं पान. पूजा देखणी झाली. पुन्हा जोडली, तर टीव्हीवर कवितांच्या जागी काहीच नाही. नाटकं होती, कीर्तनं होती. तू तेवढी नव्हतीस.

किती वेळा सांगितलं होतंस, एकाच डिस्कच्या भरवशावर राहू नको, सगळं नेटवर्क ड्राइव्हवरही उतरवून ठेव! दवाखान्यातल्या खाटेवरूनसुद्धा विचारलंस, "बठ्ठं उतरी गयं का रे?" मी हो म्हणालो. खोटं बोललो, अक्का. दुसरी प्रत काढायची म्हणजे तू जाणार हे कबूल करायचं, असं वाटायचं. हात धजला नाही.

आणि तू तरी! शिकवायला बसायचीस आणि दोन मिनिटांत माउस काढून घ्यायचीस. "दे इकडं, तुझ्यानं व्हायचं नाही." मग मी शिकणार कसा?

तीन दिवस डिस्कला हात लावायची भीती वाटली. मेलीच असं कुणी सांगितलं तर? आज सकाळी शेवटी शेठजींना फोन केला, ज्यांच्या दुकानातून आपण ती आणली होती. ते स्कूटरवरून घरीच आले. डिस्क हातात घेऊन बघतच राहिले.

"आबा, हिला कुंकू?"

"दसरा होता ना."

"आम्हीपण दुकानातले कॉम्प्युटर पुजतो. पण आधी बंद करतो!"

मी मान खाली घातली. ते बराच वेळ सर्व्हरमध्ये डोकावत होते. मग हसले. "डिस्क ठणठणीत आहे. तुम्ही चालू असताना ओढली, म्हणून 'अक्का' नावाचा जुना फोल्डर इथं रिकामाच राहिला. परत लावली तेव्हा ते नाव अडलेलं, मग डिस्क बसली 'अक्का १' होऊन. सर्व्हर बिचारा अजून रिकाम्यातच शोधतोय."

रिकाम्या जागी तुला शोधणारा मी एकटाच नव्हतो तर!

त्यांनी डिस्क रीतसर सोडवली, रिकामा फोल्डर काढून टाकला, पुन्हा जोडली, सर्व्हरला नव्यानं शोधायला लावलं. एकेक नाव पडद्यावर उमटू लागलं. मी शेवटची, नदीची कविता लावली. ही मी आजवर टाळत होतो. तिसऱ्या कडव्यानंतर तू थांबतेस. "पुढचं विसरले बाई. तू म्हण रे. म्हण ना!" मग नुसता पंख्याचा आवाज. मग तू हसून म्हणतेस, "लाजला."

लाजलो नव्हतो, अक्का. तीन कडव्यांत तुला धाप लागली होती. ती ऐकून मला पुढचं म्हणवलं नाही.

शेठजींनी हळूच विचारलं, "आबा, पुढचं येतं का तुम्हाला?"

"येतं," मी म्हणालो.

ते चहा न घेताच गेले. आता कविता नेटवर्क ड्राइव्हवर उतरताहेत, पडद्यावरची पट्टी सावकाश भरतेय, आणि मी तिच्या शेजारी बसून हे लिहितोय. ती भरली की दार लावून घेईन आणि नदीचं चौथं कडवं म्हणेन, फोनवर रेकॉर्ड करून. चाल चुकेल, आवाज फाटेल. तरीही ते तुझ्या तीन कडव्यांच्या खाली ठेवीन, दोन्ही ठिकाणी. हा शब्द तुला दिला. या वेळी खरा.

तुझा,
बाबू