शेपटीकडे शोधलेलं तोंड

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आईचा गुडघा आता वाकतो का? तुझ्या बायकोचा खोकला गेला? आणि तुझी पाठ? मी ठणठणीत आहे, डोळेसुद्धा.

इथे संग्रहालयात मी एका जुन्या समुद्रतळाचा दगड सुईने कोरतोय. आत फणीसारखं काहीतरी दगड होऊन बसलंय. आमच्या प्रमुख बाई म्हणतात शेवाळ, मी म्हणतो प्राणी. "मग तोंड दाखवा, आजोबा!" म्हणून एक टोक कोरत गेलो, तर काल ते निमुळतं होऊन संपलंच. म्हणजे इतके दिवस मी शेपटीकडे तोंड शोधत होतो! सगळे पोट धरून हसले. मीही हसलो.

बाई म्हणाल्या, "आता पुरे. सोमवारी शेवाळाची पाटी लावते." मी दगड पोटाशी धरला. म्हटलं, "दुसरं टोक उघडल्याशिवाय पाटी लागणार नाही. शेवाळ निघालं तर मीच लावीन." त्यांनी कपाळाला हात लावला आणि नवी सुई दिली.

तू लिहितोस, या वयात हट्ट सोड, परत ये. अरे, आपलं नाव कुणी चुकवलं तर आपण भांडतो. या मुक्याच्या वतीने कोण भांडणार? मी येत नाही जा!

लवकर पत्र लिही. अक्षर मात्र जरा मोठं काढ.

तुझा,
दादा