भिंतीला जाणवलेला बेस

३ जून
आमचा जिना बांधताना बिल्डरने संगीताचा यत्किंचितही विचार केलेला नाही, याची नोंद अत्यंत खेदाने करतो. बेस गिटारची केस दुसऱ्या मजल्यावर वळत नाही. सेक्रेटरी बुद्धभूषणच्या दारावर आपटली. गिटार आणली का, त्याने विचारलं. म्हटलं, बेस. फरक कळला नाही त्याला. वय सत्तेचाळीस. दोन वर्षांत नोकरी सोडून पूर्णवेळ बेसिस्ट. ठरलं.

९ जून
मोरव्यात पहिला क्लास. रोशन सर चोवीस वर्षांचे, मला काका म्हणतात. म्हणाले, बेस ऐकू यायला नको, जाणवायला हवा. आता रोज दोन तास रियाज.

१० जून
रियाज नाही. बोटं सुजली.

२ जुलै
हॉलच्या भिंतीला, अ‍ॅम्पच्या मागे, बारीक तडा. बायको सुचेता म्हणते बीममुळे आलाय, बुद्धभूषणला सांगा. संसारी माणसाला काय कळणार. सगळ्यात जाड तार मी तिथेच वाजवतो. जाणवतोय म्हणजे! तड्याच्या टोकाला पेन्सिलीने तारीख टाकली.

२० जुलै
तडा चार बोटं पुढे. इतकी प्रगती सरांच्या एकाही विद्यार्थ्याची नसेल.

६ ऑगस्ट
वरसाव्याच्या रिसॉर्टवर ऑर्केस्ट्रात ट्रायल. तिथे कीबोर्डवालाच डाव्या हाताने बेस वाजवतो. मालक जितेंद्र दुसऱ्या गाण्याला म्हणाला, अंकल, आप बैठ के सुनो. साहजिक आहे. सगळा कारभार लॉनवर. भिंतच नाही, तर जाणवणार कशाला?

२४ ऑगस्ट
बुद्धभूषणने स्ट्रक्चरल ऑडिटसाठी मीटिंग लावली. इंजिनीअर थेट माझ्या अ‍ॅम्पकडे बोट दाखवणार, सगळ्या बिल्डिंगची दुरुस्ती माझ्या बोकांडी. विरोध केला. त्याआधी खालच्या अंबिकामावशींकडे जाऊन आलो. एकट्या असतात. नकाराचं पत्र पुढे ठेवलं, म्हटलं काही होत नाही बिल्डिंगला. म्हणाल्या, "तू सांगतोस ना ज्ञानदेव, मग झालं. सही कुठे करू?"
ऑडिटचा ठराव एका मताने पडला.

११ सप्टेंबर
तडा छताला टेकला. आत पाच रुपयांचं नाणं जातं. यापुढे हलक्या हाताने.

१३ सप्टेंबर
वाजवणं बंद.

१७ सप्टेंबर
चार दिवस गिटारला हात नाही. तडा छतावरही दोन बोटं सरकला. आधीचे सूर भिंतीत मुरलेले असणार.
सुचेताने पलंग दुसऱ्या खोलीत सरकवला.

२१ सप्टेंबर, सकाळी ७
मावशींच्या स्वयंपाकघरात स्लॅबचा तुकडा पडला. परातीएवढा. ओट्यासमोर, बरोब्बर त्या उभ्या राहतात तिथे. त्या दारात दूध घेत होत्या.

२३ सप्टेंबर
इंजिनीअर आला. कबुली द्यायला मी गिटार गळ्यात घालून भिंतीपाशी उभा. तो म्हणाला, "हे जरा बाजूला घ्या." आतल्या सळया गंजल्यात. खाडीची हवा, आठ-दहा वर्षांचं दुखणं. गिटारबद्दल त्याने एक शब्द विचारला नाही. आठवड्यात बिल्डिंग रिकामी करा. ऑगस्टमध्ये बोलावलं असतं तर टेकू लावून वाचवता आली असती, असं तो बुद्धभूषणला सांगत होता. बुद्धभूषण माझ्याकडे बघत नव्हता.

२८ सप्टेंबर
मावशी भाचीकडे चालल्या. टेम्पो खाली उभा. त्यांचं कपाट आणि सिलिंडर मीच उतरवलं. जिन्यात म्हणाल्या, "तू काहीतरी वाजवतोस म्हणे? कधी ऐकू नाही आलं रे."
म्हटलं, नाही मावशी.
मग वर जाऊन त्यांचं शिलाई मशीन आणलं. हमालाला हात लावू दिला नाही.