आठ पदर आणि अडीच घड्या

पारशिवनी-विद्यालय-भूषण, त्रैराशिक-त्रिविक्रम, अखंड-खडू-धूलिधूसर, श्यालकशिरोमणी चि. चंदनराव यांस सक्करदरानिवासी जागेश्वराचे अनेक आशीर्वाद व (गरजेपुरता) एक नमस्कार.

आपल्या दाढेचे वर्तमान कळवावे. इकडे सर्व क्षेम. मी उत्तीर्ण झालो यावर आपल्या भगिनीचा, म्हणजे भारतीचा, अद्याप विश्वास बसलेला नाही, एवढेच. कारखान्यातील पर्यवेक्षकपदाच्या परीक्षेचा हा माझा तिसरा आणि नियमान्वये अंतिम प्रयत्न होता. तो हुकता, तर सहायकाच्या स्टुलावरच माझी समाधी बांधावी लागती. सोमवारी निकाल लागला, तेव्हापासून मी भर दुपारी निष्कारण झोपतो आहे.

आपण धाडलेले लॉगटेबल मी चार दिवस अहोरात्र धुंडाळले. आठ पाया धरून चारचा लॉग कोणत्या पृष्ठावर आहे, ते सापडेना. (तो समग्र ग्रंथ दहा या पायावर उभा आहे, हे आपण कळविले नव्हते. मी मुखपृष्ठ वाचले नव्हते, तो भाग वेगळा.) आठाचा घात करावा आणि उत्तर चार यावे, हे माझ्या बुद्धीस अन्यायाचे वाटे. माझी आत्या जनाबाई, जिचा जन्म उमरेडच्या हातमागावर गेला, शेजारी चादरी दुमडीत होती. माझा विलाप ऐकून ती वदली, "काहून डोस्कं खाऊन राहिला गा? चादरीचे आठ पदर कराले किती घड्या लागते?"

"तीन."

"अन् चार पदराले?"

"दोन."

"मंग तीनातल्या दोनच झाल्या ना. एवढं तं तुह्या बापालेबी समजे."

दोन तृतीयांश! प्रत्यक्ष परीक्षेत मात्र त्याच आठाच्या पायावर चार गुणिले दोनचे वर्गमूळ अवतरले. मी मनातल्या चादरीस दोन घड्या घातल्या, वर्गमूळाची अर्धी (जी चादरीस पडत नाही, गणितास पडते), एकूण अडीच. आठाच्या तीन घड्यांनी भागता पाच षष्ठांश. माझे हवेतील हातवारे पाहून शेजारच्या परीक्षार्थ्याने बाक सरकविला. प्रश्न दोन गुणांचा होता, आणि मी बरोबर त्या दोनच गुणांनी तरलो आहे.

आपला कृतज्ञ भावजी,
जागेश्वर

ता. क. लॉगटेबल परत मागू नये. आत्याच्या खाटेचा डुगडुगणारा पाय त्यावर स्थिरावला आहे.

ता. क. दुसरा. पत्राचे खरे कारण असे, की "तुमाले आता अडीच घड्याबी येतात" म्हणून भारतीने घरातील समस्त चादरी माझ्या स्वाधीन केल्या आहेत. आपण दिवाळीस दिलेली, चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली चादर कशी दुमडतात, ते उलट टपाली कळवावे. आत्यानेही तिला हात जोडले. तीन दिवस ती चादर माझ्या खुर्चीत बोळा होऊन बसली आहे, आणि हे पत्र मी उभ्याने लिहीत आहे.