कोरड्या नावेतून गंगाखेडला

मुलींचं वसतिगृह, परभणी
दि. १६ फेब्रुवारी १९९२

मुंजाजीदादा,

पाया पडते. माझं अक्षर बघून तू पाकीट तसंच चुलीत घालशील म्हणून पत्ता पंचफुलाकडून लिहून घेतलाय. आता उघडलंसच तर शेवटपातूर वाच. हिकडं आमी मायलेकी खुशाल हाव. थंडी उतरली, मेसमधी नवी ज्वारी आलीय, भाकरीला चव लागायलीय. तिकडं वहिनी, लेकरं, गंगामाय समदी बरी असतील असं धरते. चौदा वर्षांत तू एक ओळ धाडली न्हाईस, मी बी धाडली न्हाई. एकाच बापाची हाव दोघं, दुसरं काय! आज मी आधी वाकले म्हण, पण लय हसू नको, कामापुरतीच वाकलेय.

काम शेवटी सांगते. आधी गंमत आयक. तुझी बहीण वल्हं मारायलीय.

नावाड्याची लेक मी, पण बानं अन् तू कधी वल्ह्याला हात लावू दिला न्हाई. पोरीच्या जातीनं नावेच्या तोंडाशी गप बसावं. आता वल्हं हातात आलं ते कुठं, तर परभणीत! नदी न्हाई, पाणी न्हाई, नाव बी न्हाई. आमच्या रेक्टरबाई दोन वर्षं अमेरिकेत शिकून आल्या अन् येताना खोक्यातून एक यंत्र घेऊन आल्या. एक लांब पट्टी, तिच्यावर सरकतं बसकं, पुढं पंख्यासारखं चाक, चाकाला साखळी अन् साखळीला दांडा. पायानं रेटायचं, दांडा पोटाशी ओढायचा, की चाक घोंघावतं. वरच्या काचेत आकडा पडतो, किती मीटर गेलो त्याचा. गेलो म्हणजे काय, तिथंच असतो! मी पहिल्यांदा बघितलं तवा म्हटलं, बाई बाई, पाणी नसताना वल्हं मारायचं शिकायला एवढ्या लांब जातात होय?

संक्रांत झाली अन् रेक्टरबाईंनी शर्यत लावली. एका बाजूला आमी मेसच्या बाया, दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या ग्रंथालयाची माणसं, ती बी आमच्याच मेसमधी जेवतात. जेवणघराच्या भिंतीवर त्यांनी गोदावरी काढली, त्र्यंबकपासून समुद्रापातूर. ज्यानं त्यानं आपल्या वेळात जमंल तेवढं वल्हवायचं, आकडा फळ्यावर लिहायचा, अन् समद्यांची बेरीज करून नाव तेवढी पुढं सरकवायची. आमची नाव म्हणजे आमच्या मेसच्या केशरबाईच्या पाकिटातली लाल टिकली. त्यांची निळी टाचणी. जी नाव आधी समुद्राला लागंल तिच्या माणसांना दुसऱ्यांनी पुरणाचं जेवण रांधून वाढायचं. दादा, या मेसमधी आल्यापासून मला कुणी गरम ताट वाढलं न्हाई. ग्रंथालयाच्या दिनकररावांनी कमरेला उपरणं बांधावं अन् ‘धुरपताबाई, अजून अर्धी तरी घ्या’ म्हणून माझ्यापुढं वाकावं, एवढ्यासाठी मी समुद्राच्या पल्याड बी जाईन.

पहिल्याच दिवशी फजिती झाली. पाचवारी पातळ नेसून बसले अन् निऱ्या गेल्या साखळीत. ना पुढं सरकता येईना ना उठता येईना, अन् पोरी खिदळायल्या. शेवटी केशरबाईनं भाजीचा विळा आणून सोडवलं. दुसऱ्या दिवशी ट्रंकेतून आईचं हिरवं लुगडं काढलं, कासोटा मारला अन् बसले, तर काय सांगू, यंत्र लोण्यावानी चाललं! आता मेसच्या समद्या बाया नऊवारीतच येतात. आईचं हे लुगडं कोणतं ते तुला ठाऊक हाय. त्याचं पुढं लिहिते.

केशरबाई ही माझी जोडीदारीण. भीमनगरातली, माझ्यासारखीच भाकऱ्या थापणारी, तोंडानं फटकळ अन् हाताला लय जोर. ती नामांतराच्या मोर्चाला गेली की तिच्या वाट्याचं मी वल्हवते, माझा उपास असला की माझ्या वाट्याचं ती. तिसरी कडूबाई, ती कणीक मळता मळता सुद्धा पुढं-मागं झुलती. सुरुवातीला आमी निस्त्या हातानं ओढायचो अन् दोन घटकांत दम तुटायचा. मग मला बाची आठवण झाली. ‘हात निमित्त, नाव पाय चालवतात’ म्हणायचे की न्हाई? तसं केलं. नाशिकात आमी मागं होतो, पैठणाला बरोबरी झाली अन् पाथरीच्या खालच्या अंगाला त्यांना मागं टाकलं. त्या दिवशी कडूबाईनं मेसमधी लाह्या वाटल्या.

अन् मागल्या सोमवारी टिकली गंगाखेडला लागली.

दांडा माझ्याच हातात होता. फळ्यावर आकडा लिहिला, बेरीज झाली अन् टिकली पुढं सरकवायला गेले तर केशरबाईनं मनगट धरलं.

“थांब. हे तुझं माहेर ना?”

“हाय की. मग?”

“मग उतर की. माहेरवाशीण घाटावरून तशीच पुढं जाती व्हय?”

“अगं, भिंतीवरचं गंगाखेड ते!”

“भिंतीवरचं असू दे न्हाईतर पाण्यावरचं. आमी वल्हवणार न्हाई.”

कडूबाई तर अजून पुढची. तिनं खण-नारळ आणला अन् खरोखर गंगेची भरावी तशी त्या चाकापुढं ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं. केशरबाई म्हणाली, “मी काय लोखंडाची ओटी भरत नसते. नारळ फोडून देते.” नारळ फोडला, खोबरं वाटलं, अन् खण माझ्या हातात देऊन म्हणाली, “हा तुझ्या वहिनीला. तू नेऊन दिल्याबिगर नाव हलणार न्हाई.” तवापासून एक बाई यंत्रावर बसायला तयार न्हाई. यांना वेड लागलंय का मला, हेच कळंना झालंय. टाचणी आमच्या नाकासमोरून नांदेडला गेली. दिनकरराव ताट घेऊन खिडकीशी येतात अन् म्हणतात, “धुरपताबाई, बुडाली का हो नाव? दोरी टाकू का?” अस्सा राग आला दादा, त्यांच्या वरणात मूठभर मीठ टाकावं वाटलं. टाकलं न्हाई. चिमटीभरच टाकलं.

हसलास ना? हसलास तर आता पुढचं बी आयक.

मी गंगाखेडला यायला निघाले न्हाई असं न्हाई. आई गेल्याचं कळलं तवा रडत गाडीत बसले होते. गंगेच्या पुलाअलीकडचं स्टेशन आलं अन् उतरले. नळावर तोंड धुतलं अन् उलट्या गाडीनं परत आले. त्यानंतर बी एकदा तसंच झालं. पुलापातूर माझे पाय बिलकुल ठीक असतात, तिथून पुढं तुझं तोंड दिसायला लागतं. तू ‘ये’ म्हटलं नव्हतंस ना.

तो दिवस मी विसरले न्हाई, तू बी विसरला नसशील. नवऱ्यानं दुसरी घरात आणली अन् मी पाच वर्षांची पंचफुला घेऊन तुझ्या दारात आले. सासरच्या गावचे आबासाहेब दुसऱ्या दिवशी आले अन् चार माणसांत तू त्यांना शब्द दिलास, बहीण नांदायला परत येईल. मला नावेत बसवलंस अन् तूच पैलतीराला नेऊन सोडलंस. मी सासरच्या वाटेला लागलेच न्हाई. पुलाअलीकडचं स्टेशन गाठलं, परभणीची गाडी धरली, अन् बरं झालं बघ. पोरगी शिकली, मला कुणाचं उणं-अधिक आयकावं लागत न्हाई, झोप चांगली लागती. राग लय होता, पण तो भाकऱ्या थापता थापता गेला.

एकच गोष्ट जात नव्हती. नाव ढकलायच्या आधी बा घाटाकडं तोंड करून तीनदा हाक द्यायचे, “राहिलं का कुणी?” कितीबी घाई असू दे, पाणी चढलेलं असू दे. तू बी द्यायचास. त्या दिवशी दिली न्हाईस. अन् आई राहिली. नाव पाण्याच्या मधोमध गेल्यावर मी वळून बघितलं तर ती गाठोडं घेऊन पायऱ्या उतरत होती. तेच हे लुगडं. नंतर एका भाजीवालीच्या हाती तिनं मला परभणीला धाडलं.

इतकी वर्षं मला वाटायचं, तुला काय, तू आपला वल्हवत होतास. अन् या यंत्रावर बसल्यावर एक दिवस ध्यानात आलं, पाय रेटले की बसकं मागंच सरकतं, वल्हवणाऱ्याचं तोंड पुढं नसतंच. त्याची पाठ पुढं अन् तोंड सोडलेल्या काठाकडं. म्हणजे दादा, मी आईला एकदाच बघितलं, अन् तुला ती पैलतीर येईपातूर दिसत होती. हाक दिली असतीस तर आई नावेत चढली असती, अन् आई चढल्यावर तुझ्यानं मला पैलतीराला सोडवलं नसतं. म्हणूनच दिली न्हाईस ना? मला उत्तर नको. मला कळलंय एवढं तुला कळावं.

आता काम. पंचफुला नर्स झालीय, हितंच सरकारी दवाखान्यात. तिचं लग्न ठरलंय वैशाखात. मुलगा सिताराम, जिंतूरला मास्तर हाय, गरीब स्वभावाचा, हिच्यापुढं बोलत न्हाई, म्हणजे टिकंल. समदी तयारी होईल. मामा तेवढा न्हाई. मामानं उचलून बोहल्यावर न्यावं लागतं, अंतरपाटामागं मामा उभा लागतो. दिनकरराव म्हणाले, “मी मानलेला मामा होतो.” माणूस चांगला हाय, पण पंचफुला म्हणाली, “माझा मामा हाय. त्यानं मला उचलून नावेत ठेवलं होतं, तेवढं मला आठवतंय.” बाकी काई तिला आठवत न्हाई. तेवढंच.

मी जिद्दीची हाय, तू माझ्याहून जास्त. पण पोरगी तुझ्याकडून एकदाच उचलली गेलीय दादा, अन् ती घाटावरून लांब न्यायला. आणखी एकदा उचल.

आमची टिकली तुझ्या घाटाला थांबलीय. तू ये म्हटल्याबिगर मी उतरणार न्हाई, अन् मी उतरल्याबिगर त्या हलणार न्हाईत.

खण हातात घेऊन बसलेली,
तुझी धुरपता


गंगाखेड, खालचा घाट
दि. २२ फेब्रुवारी १९९२

धुरपते,

कागूद पोचला. पाकिटावर अक्षर पोरीचं, पर आत तोंड तुझंच. फाडला न्हाई. तुझ्या वहिनीनं तीनदा वाचाया लावला. लिवायची सवय न्हाई, चुकलं तर गोड करून घी.

बहिणीची नाव इतके दिस घाटाला लागलेली आन भाऊ घरात भाकर खायलाय, हे गावाला कळलं तर थुकतील माझ्यावर. सांजच्याला गेलो, पायऱ्या झाडल्या. पाणी लय खाली गेलंय, आपली नाव वाळूत उभी हाय. म्हणलं, बहीण कोरडं वल्हवती तर आपुन बी बघावं. बसलो आन मारलं वल्हं वाळूतच. तुझी वहिनी पोट धरून हसायली, घाटावरची माणसं म्हणायली मुंजाजीला लागीर झालं. हसू दे. रोज मारायलोय. पोरगी उचलायची हाय, ती काय आता पाच वरसाची न्हाई.

पिवळं लुगडं मामाचं. तू घिऊ नगंस. त्या पुस्तकवाल्याला म्हणावं, मामा हाय पोरीला, तू आपलं उपरणं धुऊन ठीव.

आई पायरीवर हुती. शेवटपातूर दिसत हुती. तू जे वळखलंस ते खरं हाय. ह्याच्यावर हितं लिवत न्हाई, आल्यावर बोलू, न्हाईतर नुसतं बसू.

येत्या शुक्रवारी नीघ. पुलाआधी उतरशील तर खबरदार. खिडकीची दांडी धरून बस. गाडी गंगंचा पूल वलांडली की मी स्टेशनात हाय. खण वहिनीच्या हातात दी, जेव, एक रात ऱ्हा, मग त्या बायांना म्हणावं हाणा आता समुद्रापातूर. केशरबाईला माझा जय भीम सांग. कडूबाईला नमस्कार.

हा कागूद टाकून घाटावर चाललोय. पैलतीराकडं तोंड करून उभा ऱ्हातो. परभणीपातूर आयकू येवो न येवो, तीनदा दितो.

राहिलं का कुणी?

तुझा दादा
मुंजाजी नावाडी